मदत हवी आहे: रजा आणि हजेरीच्या नियमांतील सवलत लेखी स्वरूपात कशी मांडावी?

नमस्कार. चिपळूणमधील एका खासगी कंपनीच्या शाखेत मी मनुष्यबळ आणि प्रशासनाचे काम पाहतो. शाखेत चाळीसेक माणसे आहेत. मुख्य कार्यालय मुंबईत असून रजा व हजेरीचे धोरण तिथूनच येते. सकाळी साडेनऊनंतर बोट लावले की लेट मार्क, महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा वजा, आणि रजा शिल्लक नसेल तर तेवढी पगारातून कपात, असा नियम आहे. अपवाद करण्याचा अधिकार मात्र 'शाखा व्यवस्थापकांच्या विवेकानुसार' एवढ्या एकाच ओळीत उरकलेला आहे. माझी अडचण त्या ओळीतच आहे.

खेडकडून येणारे सहकारी परशुराम घाटावर अवलंबून असतात आणि दरड आली की तिथली वाहतूक तासन्‌तास थांबते. इकडे भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेकडे सरकू लागते. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी पाहिला आहे, ते अशा सकाळी घरातले सामान माळ्यावर चढवल्याखेरीज बाहेर पडणार नाहीत, आणि त्याला बेशिस्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आमचे व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. ते अशा दिवशी तोंडी सांगून लेट मार्क काढायला लावतात. परंतु गेल्या पावसाळ्यात घाटामुळे उशीर झालेल्यांचे मार्क निघाले, आणि गुहागर रस्त्यावरच्या एका गावातून येणाऱ्या ताईंची सकाळची एसटी रद्द झाली होती, त्यांचे तसेच राहिले, कारण त्या व्यवस्थापकांकडे गेल्याच नव्हत्या. "सर, घाट बंद असला तर चालतं, मग गाडीच आली नाही तर का नाही चालत?" असे त्यांनी मला विचारले. या प्रश्नाला धोरणात उत्तर नाही.

सणांच्या सुट्ट्यांचेही असेच आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्यांतील 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या असतात. आमच्याकडे त्या चारही मुंबईच्या यादीतून येतात. गणपतीचे आम्ही कसेबसे जमवतो, कारण कोणाचा दीड दिवसांचा, कोणाचा पाच दिवसांचा, तर कोणाचा गौरीबरोबर जाणारा असतो आणि माणसे आपसांत पाळ्या लावून घेतात. शिमग्याला मात्र पालखी घरी येण्याचा दिवस गावागावांत वेगळा असतो, त्यामुळे सर्वांना एकाच दिवशी दिलेली सुट्टी बहुतेकांच्या उपयोगी पडत नाही. ईदचा दिवस तर चंद्रदर्शनावर ठरतो.

मी एक मसुदा तयार करत आहे. रस्ता प्रशासनाने बंद केला असेल किंवा एसटीची फेरी रद्द झाली असेल, तर लेट मार्क लावायचा नाही. राहिलेला वेळ पंधरवड्यात भरून द्यायचा. आणि दिलेली प्रत्येक सवलत कारणासह एका नोंदवहीत लिहायची, जी कोणालाही पाहता येईल. मुख्य कार्यालयाचे म्हणणे असे की सवलत एकदा कागदावर आली की लोक तिला हक्क समजू लागतात. मला उलट भीती आहे. तोंडी सवलत साहेबांपुढे जाऊन मागण्याचे धैर्य असलेल्यालाच मिळते, आणि ज्याला मागता येत नाही त्याचा पगार कापला जातो.

तेव्हा जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उरलेल्या चार सुट्ट्यांपैकी दोन प्रत्येकाने स्वतःच्या निवडीने घ्याव्यात असे कराराने ठरवले, तर ते कायद्यात बसते का, की चारही दिवस सर्वांना सारखेच हवेत? काउंटरवर बसणाऱ्यांना उशिरा येऊन वेळ भरून देणे शक्य नसते. त्यांच्यावर अन्याय न होता हा नियम कसा लिहावा? आणि व्यवस्थापकांचा अधिकार कायम ठेवून त्याला कारण नोंदवण्याचे बंधन घालणारी वाक्यरचना कोणाच्या कार्यालयात प्रत्यक्ष वापरात आहे का? हॉटेल, बँक किंवा शाळेच्या कार्यालयातील अनुभवही चालेल. नमुना असल्यास कंपनीचे नाव काढून इथेच द्यावा. पुढील वर्षाची सुट्ट्यांची यादी डिसेंबरमध्ये निघते, त्याआधी हा मसुदा मला मुंबईला पाठवायचा आहे.