शब्दचर्चा: ‘एक खाले’, दस्तऐवज आणि पुरावा

मंडळी, एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी ओळी लिहून देतेय, विषय रोहिंग्यांचे जुने फोटो आणि कागदपत्रं. त्यांच्या भाषेत ‘एक खाले’ म्हणजे आपलं ‘एके काळी’, हे कळलं तेव्हा दोन मिनिटं नुसती बसून राहिले, कुठं म्यानमारच्या (जुन्या बर्माच्या) पश्चिम किनाऱ्यावरचं त्यांचं आराकान नि कुठं आपण, पण गोष्टीची सुरुवात सारखीच. अडलंय वेगळ्याच ठिकाणी. समोर 1950च्या दशकातल्या बर्मी ओळखपत्राचा फोटो आहे, तीन घड्यांचं कार्ड, घडीवर कागद विरून पार कापडासारखा झालाय. याला दस्तऐवज म्हणू, पुरावा म्हणू की दाखला?

—

ताई, दस्तऐवजच लिहा. शब्द फारसी आहे, दस्त म्हणजे हात आणि पुढचा भाग लटकण्या-बिलगण्याचा, म्हणजे जे हाताशी घट्ट धरून ठेवायचं ते. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात आली, त्यात कितीतरी जणांनी असले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणले होते, घर जळालं पण पिशवी सोडली नाही. दुसरा कुठला शब्द इथं इतका चपखल बसेल असं मला वाटत नाही.

—

पुरावा तर अजिबात नको. पुरावा हा पुरणे-पुरवणेच्या कुळातला, आणि या लोकांनी काहीही पुढं केलं तरी ते पुरलंच नाही ना. 1989 मध्ये तिथल्या सरकारनं नवीन कार्ड देतो म्हणून जुनी काढून घेतली, बऱ्याच जणांना नवीन मिळालंच नाही, मग 1995 पासून पांढरी तात्पुरती कार्डं दिली ज्यावर नागरिकत्वाचा दावाच करता येत नव्हता, आणि 2015 मध्ये तीही रद्द. ज्यांनी जुनं कार्ड परत न देता लपवून ठेवलं त्यांच्याकडंच आज ते आहे. दाखल्याचंही तेच, ‘दाखल’ होऊ दिलं तर दाखला!

—

थोडं ‘रोहिंग्या’ शब्दावरही लिहा की, आपल्याकडं तो बातमीत येतो तेव्हा मागं ‘घुसखोर’ चिकटूनच येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं हे काल-परवा कुणीतरी काढलेलं नाव आहे. रोहांग म्हणजे आराकान, बंगाली काव्यात रोशांग, सतराव्या शतकात कवी आलाओल तिथल्याच दरबारात होता. 1784 मध्ये बर्माच्या बोदावपया राजानं आराकान जिंकलं (आपल्या रत्नागिरीच्या थिबा राजाच्या आजोबांचे आजोबा), त्यानंतर फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरानं 1799 मध्ये छापलेल्या लेखात तिथले मुसलमान स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात असं नोंदवलं. आता म्यानमारचा 1982चा नागरिकत्व कायदा बघा, 1823च्या आधीपासून असलेल्या जमातींनाच मूळचे धरतो, म्हणजे 1799ची नोंद त्या रेषेच्या अलीकडं नाही, पलीकडं आहे! तरी सरकारमान्य 135 जमातींत हे नाव नाही, आणि 2014च्या जनगणनेत ज्यानं ‘रोहिंग्या’ सांगितलं त्याला मोजलंच नाही.

—

एक राहतंय. सगळे फोटो एका शब्दात कोंबू नका प्लीज. दरवर्षी सरकारी माणसं घराची यादी तपासायला यायची, अख्खं कुटुंब पाटी धरून दारात उभं करायची आणि फोटो काढायची, लहान पोरंसुद्धा ताठ. तो फोटो त्यांचा असूनही त्यांचा नाही, माणसं मोजायला काढलेला. आणि स्टुडिओत जाऊन हौसेनं काढलेला लग्नाचा फोटो, कुणी सरकारी नोकरीत असतानाचा ऑफिसातला ग्रुप फोटो, हे कुणाला दाखवून काही सिद्ध करायला काढलेले नव्हते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला रंगूनच्या रेडिओवर रोहिंग्या भाषेत कार्यक्रम लागायचा, त्या दिवसांतली ही माणसं, अंगावर इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले.

—

सगळ्यांचे खूप आभार, मी हे वेगवेगळं केलंच नव्हतं. कार्डाखाली ‘दस्तऐवज’, पाटीवाल्या फोटोखाली ‘घरमोजणीच्या वेळी’ आणि लग्नाच्या फोटोखाली नुसतं ‘एक खाले’. पण ‘खाले’ घाईत वाचताना कुणी ‘खाली’ वाचेल का?

—

वाचतील. एके काळी हे शेजारी बारीक अक्षरात टाका, पण त्यांचा शब्द आधी आणि मोठा.