मुलासाठी म्हणून कुत्रा आणू नका

सदाफुली

गेल्या दिवाळीपासून आमच्या सोसायटीत तीन घरांत पिल्लं आली. तिन्ही घरांत पाचच्या आतलं मूल आहे आणि तिन्ही घरांनी कारण एकच सांगितलं, "एकुलता एक आहे ना, सोबत होईल." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आमच्याकडे लॅब्रेडॉर होता. सगळे म्हणतात तसाच, अगदी गरीब गाय. सहा वर्षांत कुणावर गुरगुरला नव्हता. मुलगी तीन वर्षांची असताना तो तिला गालावर चावला. तीन टाके पडले. नंतर तपासलं तर त्याचा कान आतून पिकलेला, आणि ती नेहमीसारखी कान धरून त्याच्या अंगावर लोंबकळली होती. आता आठवतं, आदला आठवडाभर ती जवळ आली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. झोप आलेली नसताना जांभया द्यायचा, ओठ चाटायचा, मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघायचा. आम्ही हसायचो, "म्हाताऱ्याला आता कंटाळा येतो."

तेव्हा माझं मत असं: कुत्रा घरातल्या मोठ्या माणसाला हवा असेल तरच आणावा, कारण पहाटे साडेपाचला खाली न्यायचं काम त्यालाच करायचं आहे. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत थांबलेलं बरं. आणि "आमची जात मुलांसाठी सेफ आहे" या वाक्यावर तर मुळीच विसंबू नये.

लॅबप्रेमी

ताई, मुलीबद्दल वाईट वाटलं, पण एका अपघातावरून सगळ्यांना शहाणपण शिकवू नका. जातीला अर्थ नसता तर माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून जाती तयार कशाला केल्या असत्या? लॅब हा गोळी लागलेला पक्षी दात न रुतवता उचलून आणण्यासाठी घडवलेला कुत्रा. तोंड मऊ, खायला हावरट, त्यामुळे शिकवायला सोपा. आमच्या घरात ११ वर्षांत दोन लॅब आणि तीन पोरं वाढली, एक ओरखडा नाही. उद्या कुणी हा धागा वाचून म्हणेल "जात बघायची नाही म्हणे" आणि रॉटवायलर घेऊन येईल. सरकारने २३ जातींवर बंदी घातली ती काय उगाच?

गुरांचा डॉक्टर

बंदीचं आधी सांगतो. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये राज्यांना परिपत्रक पाठवलं होतं, त्यात पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जाती होत्या. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणजे तो आधार डळमळीत आहे.

जातीबद्दल. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता. मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांचं डीएनए. कुत्र्या-कुत्र्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो असं निघालं. कुत्रा पटकन डिवचला जातो का, यात तर जातीचा वाटा आणखीच नगण्य. माझ्या टेबलावर मला चावलेल्यांमध्ये लॅब आहेत, पॉमेरेनियन आहेत, गावठी आहेत. (रॉटवायलर अजून एकही नाही, पण त्याला मुसकं बांधूनच आणतात.)

लॅबप्रेमी

९ टक्के का होईना, आहेत ना? आणि खरा प्रश्न चावतो का एवढाच नाही, चावला तर काय होतं हाही आहे. पॉम चावला तर टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन माणूस घरी येतो. ४५ किलोचा मोलोसर, म्हणजे रॉटवायलर-मास्टिफसारखा दांडगा कुत्रा, चावला तर?

गुरांचा डॉक्टर

हे मान्य. जबड्याचा जोर आणि वजन जातीवर ठरतं, तिथे वाद नाही. पण "नुसता टिटॅनस" नाही हो. कुठलंही कुत्रं चावलं, घरचं, लस दिलेलं असलं तरी, आधी साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. रेबीजचं काय करायचं ते तो ठरवेल. जखमेत हळद, चुना, मिरची भरणं अजून चालू आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. शिवाय लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून जखमा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात. पॉमने केली तरी.

लातूरकर

तुम्ही शहरातली माणसं लईच विचार करता बघा. आमच्या शेतावर आजोबांपासून कारवानी आहेत. सशामागं सोडलं की बाणासारखं जाणारं जनावर. आम्ही भावंडं त्यांच्या अंगावर लोळून मोठी झालो. ट्रेनर नाही, क्लास नाही, बिस्किटं नाहीत, शिळी भाकरी आणि ताक. धनगराच्या वाड्यावर जाऊन बघा, रांगतं पोर कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून निजलेलं असतं. कुणी चावलं नाही.

आजीची गोधडी

लातूरकर, तुमच्या आणि माझ्या माहेरच्या कुत्र्यात एक सोय होती, ती या धाग्यात कुणी बोललं नाही. पोर अंगावर आलं की कुत्रं उठून बांधावर जाऊन बसायचं. तीन एकर रान होतं त्याला. टू बीएचकेत तो कुठे जाणार? सोफ्याखाली. पोर तिथेही हात घालतं. मग गुरगुरतो, मग त्यालाच मार पडतो.

आणि "कुणी चावलं नाही" हे जरा जपून म्हणा. माझ्या चुलतभावाच्या पोटरीवर खूण आहे. घरात त्याला "कुत्र्यानं जरा धरलं" म्हणतात, चावलं म्हणत नाहीत.

लातूरकर

रानाचं पटलं. खूण माझ्याही हातावर आहे, पण ती माझीच चूक होती, वाटीतली भाकरी ओढली होती.

सदाफुली

बघा!! चूक तुमचीच, पण वय किती होतं तेव्हा? चार-पाच वर्षांच्या मुलाच्या चुकीची किंमत गालावर टाके ही असू नये, एवढंच म्हणणं आहे माझं.

रोखठोक

सगळं नाजूकपण चाललंय. कुत्रा कळपातला प्राणी आहे. घरात बॉस कोण ते पहिल्या आठवड्यात दाखवायचं. आपण आधी जेवायचं, तो नंतर. गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर, नाहीतर उताणा पाडून दाबून धरायचा. आमच्या ट्रेनरने हेच केलं, आता पोराने ताटलीत हात घातला तरी हूं की चूं नाही.

गुरांचा डॉक्टर

हे वाचून झोप उडाली, म्हणून रात्री साडेअकराला लिहितोय.

"बॉस" हे खूळ आलं कुठून? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं. तिथे मारामाऱ्या दिसल्या, त्यावरून "अल्फा", म्हणजे लढून कळपाचा बॉस झालेला लांडगा, ही कल्पना आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. त्याच मीच यांनी पुढे मोकळ्या लांडग्यांबरोबर उन्हाळेच्या उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, त्यात कुणी लढून बॉस होत नाही. आपले ट्रेनर अजून बाझेलच्या पिंजऱ्यातच आहेत.

आता तुमचा "हूं की चूं नाही". गुरगुरणं ही कुकरची शिट्टी आहे. शिट्टी काढून ठेवली म्हणून आतली वाफ जात नाही. मारून गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो आणि घरचे म्हणतात, "अचानक चावला हो!" पोराला ताटलीत हात घालायला लावणं तर आजपासून बंद करा. कृपा करून.

रोखठोक

मग काय हात जोडून विनंती करायची का कुत्र्याला?

गुरांचा डॉक्टर

विनंती नाही, सौदा. तो तुमचा मोजा तोंडात धरून बसलाय. ओढायचा नाही. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाशी धरा, मोजा सुटला की "दे" म्हणा, तुकडा द्या आणि जमत असेल तर मोजाही परत द्या. पन्नास वेळा केलं की माणूस जवळ आला म्हणजे काही जाणार नाही, उलट येणार, हे त्याच्या डोक्यात बसतं. वाटीचंही तसंच. जेवताना लांबून जाता जाता चांगला तुकडा वाटीत टाकायचा, हे मोठ्या माणसाने करायचं. मुलाने नाही.

दुसरी गोष्ट "जागेवर". घरात एक गोणपाट किंवा सतरंजी त्याची. तिच्यावर बसला की खाऊ. तो तिथे असला की घरातलं कुठलंही पोर तिकडे जाणार नाही, पाहुण्यांचंसुद्धा. आजी म्हणाल्या तो बांध फ्लॅटमध्ये असा तयार करावा लागतो.

मुलांना शिकवणं जास्त कठीण. झोपलेल्याला, जेवणाऱ्याला हात लावायचा नाही. गळ्यात मिठी मारायची नाही, सगळे फोटो तसेच असतात तरी. आणि कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, "स्टॅच्यू" करायचा, हात छातीशी, नजर जमिनीवर. हा खेळ त्यांना येतोच.

कुत्र्याची सई

इतक्या चर्चेत सगळ्यांनी पिल्लू गृहीत धरलंय. का? पिल्लू म्हणजे बंद पाकीट. मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही दोन वर्षांची गावठी कुत्री दत्तक घेतली, नसबंदी आणि लसी झालेली. आधी तीन रविवार जाऊन भेटलो, मग पंधरा दिवस घरी ठेवून बघितली. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव दिसतो. मुलं ओरडली की ती कोपऱ्यात जाते की शेपूट हलवत येते, हे पहिल्याच दिवशी कळलं. पुण्याच्या उन्हात एसीशिवाय मजेत आहे. पलीकडच्या इमारतीतला हस्की एप्रिलमध्ये फरशीला चिकटून असतो बिचारा.

लॅबप्रेमी

पण रस्त्यावरच्या कुत्रीचा इतिहास तुम्हाला माहीत आहे का? लहानपणी पोरांनी दगड मारले असतील. पंधरा दिवसांत ती भीती दिसतेच असं नाही, रुळल्यावर वर येते. पिल्लाचं निदान आपल्या हातात असतं. शंकेची कुत्री मी तरी मुलांच्या घरात आणणार नाही, माफ करा.

कुत्र्याची सई

तिसऱ्या महिन्यात तिला फटाक्यांची भीती आहे हे कळलं, खरं आहे. पण हातात असतं ते पिल्लू तुमच्या घरी येतं तेव्हा वेळ उरलेला असतो का? डॉक्टरच सांगतील.

गुरांचा डॉक्टर

दोघंही अर्धे बरोबर. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे ओळखीचं होतं, त्याची पुढे भीती वाटत नाही. मुलांचा आरडाओरडा, सायकल, मिक्सर, पुंगी, बुरखा, हेल्मेट, म्हातारीची काठी. या काळातले निम्मे आठवडे ते ब्रीडरकडे असतं. म्हणून पिल्लापेक्षा त्याची आई बघा. ती दाखवायला टाळाटाळ केली, "गावाकडच्या फार्मवर आहे" म्हणाले, की उठा. लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची भीती असते, पण कडेवर घेऊन रोज खाली फिरवा.

आणि आठ आठवड्यांच्या आत आणू नका. भावंडांशी चावाचावी करताना किती जोरात धरलं की दुसरा केकाटतो, हे ते तिथेच शिकतं. ते तुमच्या मुलाच्या हातावर शिकायला नको. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही.

आजीची गोधडी

अवांतर: सदाफुली, त्या लॅबचं पुढे काय झालं?

सदाफुली

सासरे म्हणाले सोडून या. नाही सोडला. कान बरा झाला, हॉल आणि स्वयंपाकघरामध्ये कमरेएवढी जाळी बसवली, आणि मी खोलीत नसले तर तो पलीकडे, ती अलीकडे. चार वर्षं हे पाळलं. तो गेला तेव्हा सगळ्यात जास्त तीच रडली. आता बारा वर्षांची आहे, रोज कुत्रा मागते. पहाटे साडेपाचला महिनाभर उठून दाखव म्हटलंय. आज नववा दिवस.

नवखा ४११०५१

पहिल्यांदाच लिहितोय. मुलगी पाच वर्षांची आहे. काल बीगलसाठी ॲडव्हान्स दिला, शनिवारी आणायचं ठरलंय. पिल्लू तेव्हा ४० दिवसांचं होईल. आई दाखवली नाही. पैसे परत मागू का?

लॅबप्रेमी

मागा. इथे माझं आणि डॉक्टरांचं एकमत आहे.

गुरांचा डॉक्टर

आधी आई बघायला मागा. दाखवली, आणि ती मुलीला बघून निवांत राहिली, तर पिल्लू आणखी १६ दिवस तिच्याजवळच राहू द्या. नाही दाखवली तर लॅबप्रेमी म्हणतात तसं.

नवखा ४११०५१

फोन केला. म्हणाले, "शनिवारी न्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे."