जुन्या सागाचं फ्लोअरिंग: वाळवीपेक्षा खिळे बघा

फ्लोअरिंगसाठी जुना साग घ्यावा का, या प्रश्नावर बरेच जण वाळवीची भीती घालतात. मुंबईतल्या जुन्या चाळींच्या पाडकामातल्या बर्मा सागाच्या तुळया घेत असाल, तर ती निम्मी सोडून द्या. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. किडते ती कडेची फिकट पट्टी, तेवढी वखारीतच कापून टाकायला सांगा.

खरा त्रास खिळ्यांचा. डोकं तुटलेला एखादा खिळा आत दडलेला असतो आणि करवतीचं पातं जातं. म्हणून फ्लोअरिंगच्या पट्ट्या चिरायला देण्याआधी हातातला मेटल डिटेक्टर फिरवून खिळे उपसून घ्या. खिळ्यांभोवतीचे काळे डाग पूर्ण जात नाहीत. मला ते आवडतात, घरच्यांना विचारून बघा!

आणि जुनं म्हणजे वाळलेलंच, असंही नाही. उघड्यावर पावसाळा काढलेली तुळई पुन्हा ओल धरते. ओलावा मोजायच्या मीटरवर तो १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पट्ट्या बसवू नका. भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर फट सोडा, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी) ती झाकली जाते. चिकटवणार असाल तर पट्टीची पाठ आधी थिनरने पुसा. सागातलं तेल गोंद नीट धरू देत नाही.