पाऊल उचलत नाही तेव्हा: अनोळखी व्यक्तीशी बोलण्याची भीती आणि तुमचे अनुभव

वाचनालयात ती माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. 'हे पुस्तक कसं आहे?' एवढंच विचारायचं होतं. घरी ते वाक्य मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. पण ती पाणी प्यायला उठली की छातीत धडधडायला लागायचं आणि मी वहीत डोकं खुपसायचो. तीन महिने असेच गेले, मग ती यायची बंद झाली. नकार मिळाला असता तर आठवडाभर वाईट वाटलं असतं. न विचारल्याची रुखरुख सहा वर्षं झाली तरी आहे.

पुढे विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणाऱ्या अल्बर्ट एलिसचा किस्सा वाचनात आला. १९ वर्षांचा असताना तो मुलींशी बोलायला फार घाबरायचा. त्याने ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून मिनिटभरात बोलायचंच. त्याने स्वतः सांगितलेला हिशेब असा: १३० जणी, त्यातल्या ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. भेटायचं एकीने कबूल केलं, ती आलीच नाही. पण त्याची भीती गेली. मला त्यातला १०० हा आकडा धीर देतो. तुमचं काय झालं, ते लिहाल का? फसलेलंही लिहा.

*

मी बाकावर बसलेल्या बाईच्या बाजूने लिहिते. 'नाही' म्हणताना माझ्याही पोटात गोळा येतो. समोरचा चिडला तर? मागे मागे आला तर? एकदा रेल्वेत मी चित्र काढत होते. एकाने विचारलं, "बघू का?" मी म्हटलं, "आत्ता नको, एकटीच बरी आहे." तो "बरं, सॉरी" म्हणाला, दोन रांगा पुढे जाऊन बसला आणि उतरेपर्यंत एकदाही वळून बघितलं नाही. त्याचा चेहरा आठवत नाही, पण त्याच्याबद्दल आजही आदर वाटतो. दुसऱ्या एकाने "का पण?" असं चार वेळा विचारलं होतं. मी एक स्टेशन आधीच उतरले. बोलायला जाणाऱ्यांनो, तिची जायची वाट अडेल असं उभं राहू नका, इतकं तरी कराच.

*

नकार 'लागला' असं आपण म्हणतो, ते मला शब्दशः खरं वाटतं. २००३ साली एका प्रयोगात लोकांना संगणकावर चेंडू टाकण्याच्या खेळातून मुद्दाम वगळलं, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग सक्रिय झालेला दिसला. हे वाचल्यावर स्वतःला भित्रा म्हणणं मी सोडलं. बोलायला अजून जमलेलं नाही.

*

मला पुरुष आवडतात. त्यामुळे 'मी त्याला आवडेन का' याच्या आधी 'तो आपल्यातला आहे का' हा प्रश्न असतो. तिथे चुकलो तर नुसता नकार मिळेल की अंगावर येईल, सांगता येत नाही. मैदानावर रोज दिसणाऱ्या एकाला मी फक्त "एकत्र धावू या का?" असं विचारलं. दोन महिन्यांनी मनातलं बोललो. तो थांबला, म्हणाला, "मी तसा नाही रे, पण सांगितलंस ते बरं केलंस." त्या रात्री मी रडलो. आम्ही अजून एकत्र धावतो.

*

वय ५४, घटस्फोटित. चित्रकलेच्या वर्गात नवीन आलेल्या एका गृहस्थांचे हात मला फार आवडले, रंग कालवताना अगदी सावकाश चालणारे. परवा वर्ग सुटल्यावर म्हटलं, "चहा घ्यायचा का?" आवाज कापत होता, त्यांना कळला असणार. ते म्हणाले, "आज घाई आहे." पुढे काहीच बोलले नाहीत. घरी येईपर्यंत मी त्या तीन शब्दांचे दहा अर्थ लावले. उद्या पुन्हा वर्ग आहे. मी जाणार आहे आणि माझ्या नेहमीच्याच जागेवर बसणार आहे.