मॅडोनाचा पहिला अल्बम: तिचा की डीजेंचा?

ठेका_चुकला
मॅडोनाचा १९८३चा पहिला अल्बम काल सलग ऐकला. आठच गाणी. माझं मत: याचं कौतुक नंतरच्या मॅडोनाकडे बघून होतं. नाव झाकून ऐका. ड्रम मशीन, सिंथेसायझरचा बास आणि वर एक किनरा आवाज. नाचायला झकास, पण बसून ऐकायला? ‘थिंक ऑफ मी’ कधी संपलं तेही कळलं नाही. श्रेय द्यायचंच तर निर्माता रेजी लुकास आणि डीजे जेलीबीन बेनिटेझ यांना द्या. मतं येऊ द्या, शिव्या नकोत.

रात्रपाळी
साफ असहमत. नाव नाही, पण चेहरा झाकून लोकांनी ऐकलंच होतं की! १९८२ साली ‘एव्हरीबडी’ हे पहिलं सिंगल आलं तेव्हा वेष्टनावर तिचा फोटोच नव्हता, रस्त्यावरचं दृश्य होतं. गायिका कृष्णवर्णीय असावी असा अनेकांचा समज झाला. तरी गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या डान्स यादीत तिसरं आलं. आणि आठपैकी पाच गाणी तिनेच लिहिलीत, हे सोयीस्कर विसरलात.

बेसूर
डान्स यादीचं ठीक आहे हो. हॉट १००मध्ये, म्हणजे बिलबोर्डच्या मुख्य यादीत, ‘एव्हरीबडी’ शिरलंसुद्धा नाही. गाडी रुळावर आली ती ‘हॉलिडे’ने, आणि ते कर्टिस हडसन व लिसा स्टीव्हन्स यांनी लिहिलेलं. पुढचं ‘बॉर्डरलाइन’ लुकासचं. धागाकर्त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर नाही.

रात्रपाळी
‘हॉलिडे’ सोळावं, ‘बॉर्डरलाइन’ दहावं, ‘लकी स्टार’ चौथं. यातलं तिने लिहिलेलं कोणतं, सांगा बघू?

बेसूर
बरं, ‘लकी स्टार’ तिचंच, हा मुद्दा तुमचा. पण अल्बम जुलै १९८३चा आणि अल्बमच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोचला ऑक्टोबर १९८४मध्ये. गाणी तीच, मग सव्वा वर्ष काय बदललं? एमटीव्हीवरचे व्हिडिओ! तिला ऐकण्याआधी बघितलं गेलं, असं माझं मत.

जुनी_कॅसेट
दोघं आकड्यांत अडकलात. लुकास जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर गिटार वाजवलेला माणूस, त्याचा हात भरगच्च. तिला ती गर्दी पटली नाही, म्हणून बेनिटेझकडून गाणी पुन्हा मिक्स करून घेतली. काय काढायचं हे कळणं म्हणजे कान असणंच ना? आवाज पातळ आहे, मान्य. पण असल्या ठेक्यावर घोटीव, भारदस्त आवाज ठेवून बघा, पाय जमिनीला चिकटतील. आणि ‘बॉर्डरलाइन’मध्ये अँथनी जॅक्सनचा बास नीट ऐका, मग ‘बसून ऐकायला काय’ ते विचारा. (कॅसेटवर घासून घासून ऐकलाय, म्हणून थोडा जीव तुटतो.)

ठेका_चुकला
हेडफोन लावून ऐकलं. बासपुरती माघार घेतो. मिक्सिंगचं माहीत नव्हतं, तेव्हा ‘श्रेय डीजेंना’ हेही थोडं मागे घेतो. पण ‘थिंक ऑफ मी’चं वकीलपत्र अजून कुणीच घेतलेलं नाही, बरं का.