गेम बिघडतो तो दुकानामुळे, की चालवणाऱ्यांमुळे?

नौपाडा_साडेदहा :
आमचा पाच जणांचा स्क्वाड गेल्या महिन्यात मोडला. भांडण झालं नाही, एकेकाने गेम काढून टाकला, एवढंच. सहा वर्षं जेवणं उरकली की रात्री साडेदहाला सगळे ऑनलाइन: दोघं नौपाड्यातले, एक कळव्याचा, एक घणसोलीचा आणि एक नोकरीसाठी पुण्याला गेलेला. गेमचं नाव लिहीत नाही, कारण बऱ्याच गेमचं हेच झालंय.

आधी गेममधल्या दुकानात फक्त पात्रांचे कपडे आणि बंदुकीचे रंग (स्किन) होते. कोणाची तक्रार नव्हती, मीही घेतले. मग पेटी आली, म्हणजे पैसे भरायचे आणि आतून काय निघेल ते नशिबावर. पुढे पेटीतूनच निघणारी बंदूक आली, लेव्हल वाढवली की समोरचा एक गोळी कमी खाऊन मरतो अशी. कळव्याच्या मित्राने तिच्यापायी एका रात्रीत साडेचार हजार घालवले. स्क्रीन शेअर चालू होतं, मी बघत होतो. चाक फिरायचं, सोनेरी घराशी मंदावायचं आणि एक घर पुढे सरकून थांबायचं. पुन्हा तसंच. शेवटी तो बोलेनासा झाला.

त्याच सुमारास मुंबईचा सर्व्हर काढला. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, पंचवीस मिलिसेकंदांवरून नव्वदवर. चीटरची तक्रार केली तर महिना महिना उत्तर नाही, नवी पेटी मात्र दर गुरुवारी वेळेवर. पैसे घ्या हो, पण जिंकणं विकू नका.

ऐरोली_रॅक :
वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजू मी रोज बघतो. ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये शिफ्ट करतो. सर्व्हर म्हणजे वीज, कूलिंग, जनरेटर आणि पहाटे तीनला डिस्क बदलायला उठलेला माणूस. हे फुकट होत नाही.

आणि कोपरखैरण्याच्या एका खोलीत वाढलेल्या माझ्यासारख्याला तीन हजारांचा गेम कोणी घेऊन दिला असता? कोणीतरी स्किन विकत घेत होतं म्हणून मी फुकट खेळलो. टीम फोर्ट्रेस २ बघ. २००७ चा गेम, २०११ मध्ये फुकट केला, टोप्या विकत राहिला आणि अजून चालू आहे. दुकान नसतं तर कधीच बंद पडला असता.

नौपाडा_साडेदहा :
चालू आहे, पण कसा? बॉट्सनी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमनी, सामने इतके नासवले की २०२२ मध्ये खेळाडूंना मोहीम काढावी लागली आणि २०२४ मध्ये पुन्हा. टोप्यांची विक्री तेव्हाही थांबली नव्हती. दुकानाचा पैसा गेमकडे वळलाच पाहिजे अशी सक्ती कोणावर आहे?

२०१७ चा ईए कंपनीचा स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ तर पुरते पैसे मोजून घ्यायचा गेम. तरी डार्थ व्हेडर खुला करायला गेममधले ६०,००० क्रेडिट्स, म्हणजे लोकांच्या हिशेबाने ४० तासांच्या आसपास खेळ. वर ताकद वाढवणाऱ्या पेट्या. लोक इतके खवळले की रिलीजच्या तोंडावर ईएला खऱ्या पैशांची खरेदी बंद करावी लागली.

नेरूळ_हीलर :
तुम्ही दोघंही दुकानावरच अडकलात. सोनीच्या कॉनकॉर्डमध्ये बॅटल पास, म्हणजे हंगामी बक्षिसांचा पास, सुद्धा नव्हता. ४० डॉलर किंमत, २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. फुकट हीरो शूटर (वेगवेगळ्या ताकदीची पात्रं, म्हणजे हीरो, घेऊन खेळायचे गोळीबाराचे गेम) ढिगाने पडलेले असताना हा कोण घेणार, हे सोनीला आधी कळायला हवं होतं.

माझा जीव ओव्हरवॉचमध्ये. २०१६ ला पैसे भरून घेतलेला गेम २०२२ मध्ये बंद करून त्याजागी दुसरा भाग आणला. मोठं आश्वासन होतं ते कॉम्प्युटरविरुद्ध खेळायच्या हीरो मिशन्सचं, आणि मे २०२३ मध्ये तेच रद्द. वर नवे हीरो बॅटल पासात अडकवले. सपोर्ट, म्हणजे टीमला सावरणारी पात्रं, खेळणारीला नवी सपोर्टच मिळत नसेल तर टीमने काय करायचं? शब्द मोडला तो चालवणाऱ्यांनी, दुकान नंतरचं.

ऐरोली_रॅक :
पण ते हीरो २०२४ मध्ये सगळ्यांना खुले केलेच ना? हेलडायव्हर्स २ मध्ये सोनीचं पीएसएन खातं जोडायची सक्ती मे २०२४ मध्ये तीन दिवसांत मागे घेतली. लोक बोलले की कंपन्या ऐकतात. सोडून जाण्यापेक्षा आत राहून भांडा.

वाशी_आई :
माझा मुलगा अकरा वर्षांचा. एका दुपारी बँकेचे सतरा मेसेज, प्रत्येकी २९ रुपये. रडत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी नक्की निघणार होतं." हे वाक्य मी लॉटरी लावणाऱ्या काकांच्या तोंडी ऐकलंय. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, मग पेट्यांकडेही त्याच नजरेने बघा. लहान मुलाने आत राहून भांडायचं का, दादा?

ऐरोली_रॅक :
नाही ताई. मुलांसाठी पेटी नकोच, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. सरसकट दुकानालाच शिव्या घालणं मला पटत नाही.

नौपाडा_साडेदहा :
मग एवढं सांग. द क्रू हा गेम युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केला. विकत घेतलेल्यांना एकट्यानेही गाडी फिरवता येईना. गेम कायम चालवा असं कोणीच म्हणत नाही. जाताना सर्व्हरच्या फाइल्स खेळाडूंच्या हातात द्या. वीज आम्ही भरू, पहाटे तीनला आम्ही उठू.

ऐरोली_रॅक :
लायसन्सच्या भानगडी तुला वाटतात तितक्या सोप्या नाहीत. त्यावर उद्या सविस्तर लिहितो, आता नाइट शिफ्ट आहे. पण स्वतःचा सर्व्हर लावता येईल असा एखादा जुना गेम तुमच्या पाच जणांना चालत असेल तर सांग. घरी एक जुना पीसी रिकामा पडलाय.