मॅपवरचे चौकोन आणि रोल२०चा ग्रिड जुळतच नाहीये, काय वापरू?

मंडळी, आमचा रोलप्लेइंग गेमचा ग्रुप आता रोल२० या साइटवर ऑनलाइन खेळतोय आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, माळ माझ्या गळ्यात पडलीय. मॅप एका जुन्या पीडीएफमधून काढलेत, चौकोन त्यावर आधीच छापलेले. रोल२०वर टाकला की डावीकडे सगळं मस्त बसतं आणि उजव्या टोकाला जाईपर्यंत टोकन (पात्राची सोंगटी) अर्धं भिंतीत. कोपरे ओढून ओढून वैतागलो. वर गुप्त दारांवर भलामोठा एस लिहिलाय, तो प्लेअर्सना दिसून कसं चालेल? फोटोशॉप नकोय. फुकटातल्या एडिटरांपैकी गिंप की क्रिता? लेयर म्हणजे काय एवढं कळतं, पुढे अंधार.

———

गिंप. क्रिता चित्र काढायला झकास आहे पण तुझं काम मोजमापाचं आहे.

आणि कोपरे ओढणं आधी बंद कर. गिंपचं मेजर टूल (मोजपट्टी) घे, झूम करून २० चौकोन एकदम मोज, एकच चौकोन मोजलास तर एका पिक्सेलची चूक ४० चौकोनांनंतर ४० पिक्सेल होते आणि रोल२०चा अख्खा चौकोनच ७० पिक्सेलचा, म्हणजे गेलं सगळं. समज २० चौकोन २९२६ पिक्सेल भरले, तर एक झाला १४६.३. तुला हवेत ७० किंवा त्याची दुप्पट १४०. मी १४०च ठेवतो, झूम केल्यावर धूसर होत नाही. मग स्केल इमेजमध्ये रुंदी गुणिले १४० भागिले १४६.३. उभं माप वेगळं घे, स्कॅन असेल तर आडव्या-उभ्यात फरक निघतोच, तेव्हा रुंदी-उंची एकत्र बांधणारी साखळीची खूण तोडायची. शेवटी कडेचं मार्जिन पहिल्या रेघेपर्यंत कापायचं, उरलेले चौकोन मोजायचे आणि तोच आकडा रोल२०मध्ये सेट डायमेन्शन्सला द्यायचा.

———

वरच्यांनी ग्रिडचं सांगितलंच आहे, मी दाराचं सांगते. क्लोन टूलने (शेजारचा भाग उचलून वर रंगवणारं) घासत बसू नकोस. त्याच भिंतीचा, त्याच दिशेचा, दार नसलेला बरोब्बर एक चौकोन कॉपी कर आणि नव्या लेयरवर एसच्या डोक्यावर ठेव, ग्रिडच्या रेघासुद्धा आपोआप जुळतात. क्लोन फक्त सांधा लपवायला, तेही थोडंच, कारण मी एकदा ती जागा इतकी गुळगुळीत केली होती की आमच्या रोगने (चोराचं पात्र) खोलीत शिरल्या शिरल्या तीच भिंत ठोकून बघितली :)

मूळ दार पुसून टाकू नकोस हां. ते वेगळं कापून पारदर्शक पीएनजी कर आणि रोल२०च्या जीएम लेयरवर (जो फक्त डीएमला दिसतो) त्याच जागी ठेव. सापडलं की मॅप लेयरवर ढकलायचं.

———

फक्त एक, साइझकडे बघा. २४ बाय ३६ इंचाचा मॅप ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) काढला तर ७२०० बाय १०८०० पिक्सेल होतो. जेपेग करून फाइल कितीही बारीक केली तरी उघडल्यावर एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ३११ एमबीच्या आसपास, आणि ज्याचा लॅपटॉप जुना आहे तो प्लेअर नेमका लढाईच्या मध्यात गायब. इंचाला एक चौकोन धरून १०० पिक्सेलवर आणलात की तेच ३५ एमबीच्या आत. फाउंड्री (रोल२०सारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना तर १०० हा डिफॉल्टच, तिथे वेबपी फॉरमॅटही चालतो.

———

धन्यवाद सगळ्यांना! २० चौकोन मोजून केलं, आडवं एकदम चोख बसलं. पण खाली जाता जाता उभ्या रेघा हळूहळू उजवीकडे सरकतायत. माझा गुणाकार चुकला का?

———

गुणाकार नाही, स्कॅनच तिरका आहे. मूळ फाइल परत उघड, मेजर टूलने एका लांब उभ्या रेघेवर वरपासून खालपर्यंत ओढ आणि तिथलंच स्ट्रेटन बटण दाब. मग परत मोज, आधीचे आकडे आता चालणार नाहीत.